नवा सेट आला आणि जिंकता डेक हरू लागला

पत्र: मी सोलापुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही पाच मित्र दर रविवारी जुळे सोलापुरात एकाच्या गच्चीवर पोकेमॉन कार्ड खेळतो. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पुण्याला स्पर्धेला जातो. माझा डेक (खेळायचा ६० कार्डांचा गठ्ठा) ड्रॅगापल्ट ईएक्स या पोकेमॉनचा आहे. मागच्या स्पर्धेत ५ पैकी ४ फेऱ्या जिंकलो. मग नवा सेट (नव्या कार्डांचा संच) आला आणि यावेळी ५ पैकी २ जिंकल्या. डेकमधलं एकही कार्ड बदललं नव्हतं. मित्र म्हणतात, तुझा डेक संपला, नवा घे. आत्तापर्यंत साडेचार हजार घातलेत, पुन्हा तेवढेच मागायची घरी सोय नाही. नेमकं काय बदलू? आणि धाकट्या भावाने गड्ड्याच्या जत्रेतून सोनेरी कार्डांचा डबा आणलाय, त्यातलं काही चालेल का?

उत्तर:

सुरुवात ४ आणि २ या आकड्यांपासून करू. दर फेरीत जिंकायची शक्यता ५२ टक्के असलेला खेळाडू धरा. पाच फेऱ्यांत चार किंवा पाच जिंकणं त्याला साधारण २१ टक्के वेळा जमतं, आणि दोन किंवा त्याहून कमी जिंकण्याची पाळी साधारण ४६ टक्के वेळा येते. म्हणजे तुमचे दोन्ही निकाल एकाच खेळाडूचे, एकाच डेकचे, एकाच ताकदीचे असू शकतात. पाच फेऱ्यांवरून डेकचा मृत्युलेख लिहू नका.

तरीही तुमचा संशय खोटा नाही. एकही कार्ड न बदलता डेक कमजोर होतो, कारण डेकची ताकद डेकमध्ये नसते, समोर कोण बसलंय त्यात असते. समजायला सोपे आकडे धरू. स्पर्धेत ‘अ’ डेक ४० टक्के लोक खेळतात, त्याच्याशी तुम्ही ६० टक्के जिंकता. ‘ब’ ४० टक्के, त्याच्याशी ४५. ‘क’ २० टक्के, त्याच्याशी ५०. गुणाकार करून बेरीज केली की ५२ येते. आता नवा सेट आला. ‘ड’ नावाचा डेक तयार झाला, ३० टक्के लोकांनी तो उचलला, आणि त्याच्याशी तुम्ही ३५ टक्केच जिंकता. ‘अ’ घसरून २० वर आला, ‘ब’ ३० वर, ‘क’ २० वरच राहिला. पुन्हा बेरीज करा: ४६. तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही. तुमचं गिऱ्हाईक असलेला ‘अ’ डेक निम्म्यावर आला, एवढंच झालं.

याच गणिताने ‘नवा डेक घ्यायचा की दोन-चार कार्ड बदलायची’ हेही सुटतं. समजा दोन कार्ड बदलल्याने ‘ड’शी ३५ चे ५० झाले, पण त्या जागा गेल्यामुळे ‘अ’शी ६० चे ५५, ‘ब’शी ४५ चे ४२ आणि ‘क’शी ५० चे ४८ झाले. बेरीज ४८.२. फायदा झाला, पण फुकट झाला नाही. एका ठिकाणी १५ गुण मिळवण्यासाठी बाकी सगळीकडे चार-चार गुण द्यावे लागत असतील, तर तो विशिष्ट विरोधक पाचातला निदान एक असायला हवा. त्याहून कमी दिसत असेल तर त्याच्यासाठी जागा अडवू नका. एका पराभवाचा राग मनात धरून डेकमध्ये घुसवलेलं कार्ड पुढच्या चार फेऱ्यांत हातात पडून राहतं. ही चूक अनुभवी खेळाडूही करतात.

आता नवा सेट वाचायचा कसा. बहुतेक जण चित्र चकचकीत असलेल्या मोठ्या हल्लेखोरापासून सुरुवात करतात. उलट्या क्रमाने वाचा. आधी कार्ड शोधून देणारी आणि गठ्ठ्यातून ओढू देणारी ट्रेनर कार्ड (पोकेमॉन नसलेली, मदतीची कार्ड), मग समोरच्याला अडवणारी, मग एचपी (पोकेमॉन किती मार सोसतो) आणि डॅमेजचे (हल्ला किती मार देतो) आकडे, आणि सगळ्यात शेवटी तो मोठा हल्लेखोर. मोठा हल्लेखोर एक डेक घडवतो. शोधणारं किंवा अडवणारं कार्ड सगळ्यांचेच डेक बदलायला लावतं.

बड्यू या पोकेमॉनचं उदाहरण घ्या. प्रिझमॅटिक इव्होल्यूशन्स हा सेट १७ जानेवारी २०२५ ला आला. लोक ईव्ही या पोकेमॉनच्या चकचकीत उत्क्रांतींमागे धावत होते, आणि स्पर्धेचा तोल हलवला ३० एचपीच्या या चिमुकल्या कळीने. तिच्या हल्ल्याला एनर्जी कार्ड (हल्ल्याचं इंधन) लागत नाही. डॅमेज फक्त १०. पण पुढच्या पाळीत समोरचा हातातून एकही आयटम कार्ड (पाळीला हवी तितकी खेळता येणारी ट्रेनर कार्ड) खेळू शकत नाही. याचे परिणाम एकेक करून पाहा. पहिली पाळी घेणाऱ्याला पहिल्या पाळीत हल्लाही करता येत नाही आणि सपोर्टरही (पाळीला एकच खेळता येणारं ट्रेनर कार्ड) खेळता येत नाही. दुसऱ्याला दोन्ही येतं. म्हणजे दुसरी पाळी घेणारा बड्यूने लगेच कुलूप लावतो. बडी-बडी पॉफिन, अल्ट्रा बॉल (दोन्ही पोकेमॉन शोधून देणारी), रेअर कँडी (पोकेमॉन झटपट वाढवणारं) ही सगळी आयटम, त्यामुळे ती हातातच सडतात. तोवर ‘नाणं जिंकलं की पहिली पाळी’ हे बऱ्याच डेकचं ठरलेलं उत्तर होतं. बड्यूनंतर दुसरी पाळी मागून घेणारे वाढले. एका कार्डाने नाणेफेकीचा अर्थ बदलला.

आणि उतारा कुठे होता? कार्डाच्या प्रकारात. स्कार्लेट अँड व्हायलेट मालिकेपासून, म्हणजे २०२३ पासून, पोकेमॉन टूल (पोकेमॉनला जोडायचं साधन) हा आयटमहून वेगळा प्रकार झाला आहे. म्हणून ‘टेक्निकल मशीन: इव्होल्यूशन’ हे टूल तेव्हा बड्यूच्या कुलपातही लावता यायचं आणि बेंचवरच्या (मागे राखीव बसलेल्या) दोन पोकेमॉनना पुढच्या रूपात वाढवता यायचं. ज्याने नियमपुस्तिका नीट वाचली होती त्याला हे पहिल्याच आठवड्यात दिसलं. तुमच्या ड्रॅगापल्टला या कुलपाचा त्रास तुलनेने कमी, कारण ड्रॅक्लोकची (ड्रॅगापल्टच्या आधीच्या रूपाची) क्षमता दर पाळीला वरची दोन कार्ड बघून एक हातात देते, आणि क्षमता म्हणजे आयटम नव्हे. हळू का होईना, ड्रीपी ते ड्रॅक्लोक ते ड्रॅगापल्ट अशी हाताने चढण चालू राहते. नवा सेट आला की स्वतःला विचारायचा प्रश्न हाच: माझा डेक कोणत्या प्रकारच्या कार्डावर उभा आहे, आणि तो प्रकार कोणी बंद केला तर माझ्या हातात काय उरतं?

शब्द वाचा म्हणजे खरंच शब्द वाचा. ड्रॅगापल्टचा फँटम डाइव्ह हा हल्ला समोरच्याच्या पुढे उभ्या पोकेमॉनला २०० डॅमेज करतो आणि त्याच्या बेंचवर ६ डॅमेज काउंटर (प्रत्येकी १० डॅमेजची खूण) हवे तसे ‘ठेवतो’. मॅनाफी या पोकेमॉनची क्षमता बेंचवरचं हल्ल्याचं डॅमेज अडवायची. काउंटर ठेवणं म्हणजे डॅमेज करणं नव्हे, त्यामुळे मॅनाफी समोर असूनही तुमचे सहा काउंटर पडायचेच. टेम्पोरल फोर्सेस या सेटमधली रॅबस्का मात्र बेंचवरच्यांना हल्ल्यांच्या डॅमेजपासून आणि परिणामांपासूनही वाचवते. ‘परिणाम’ हा एक शब्द जास्त, आणि तुमचा अर्धा हल्ला गेला. समोर रॅबस्का दिसली की काउंटर वाटण्याचा बेत सोडा. बॉसेस ऑर्डर्स या सपोर्टरने तिलाच पुढे ओढून २०० ने पाडा, कारण तिचं कवच बेंचवरच्यांसाठी आहे, पुढे आलेल्या तिच्यासाठी नाही. बॉसेस ऑर्डर्सच्या किती प्रती ठेवायच्या हे या एका कार्डावरून ठरू शकतं.

आता आकडे. फँटम डाइव्हने आधी बेंचवर ६० ठेवले आणि पुढच्या पाळीत तोच पुढे आल्यावर २०० दिले, तर २६० होतात. म्हणजे तुमच्या डेकची रेघ २६० वर आहे. नव्या सेटमधला लोकप्रिय हल्लेखोर २६० एचपी किंवा खाली असेल तर तुमचं रोजचं गणित चालू राहतं. २८० चा आला तर २० कमी पडतात, आणि त्या २० साठी एक अख्खी पाळी जास्त जाते. दोनदा बेंचवर ६० आणि मग २०० म्हणजे ३२०. ती दुसरी रेघ. सेटची यादी हातात पडली की प्रत्येक मोठ्या पोकेमॉनच्या नावापुढे ‘२६० पर्यंत’, ‘३२० पर्यंत’, ‘त्याच्याही वर’ असं पेन्सिलीने लिहा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि निम्मे मॅचअप (कोणत्या डेकशी तुमचं कसं जमेल) त्यातूनच कळतात.

प्राइझचा (समोरचा पोकेमॉन पाडला की उचलायच्या सहा कार्डांचा) हिशोबही नव्याने मांडावा लागतो. सप्टेंबर २०२५ च्या मेगा इव्होल्यूशन सेटपासून मेगा ईएक्स पडला की समोरच्याला ३ प्राइझ मिळतात. असे दोन पाडले की सहा पूर्ण. तुमच्याकडे मात्र ईएक्सचे दोन-दोन, म्हणजे समोरच्याला तिघांना पाडावं लागतं. मध्ये एका प्राइझचा बड्यू पुढे करून बळी दिलात तर १, २, २ मिळून पाचच होतात, आणि त्याला चौथा बळी शोधावा लागतो. जास्त एचपीच्या मोठ्या पोकेमॉनसमोर ही एक उसनी पाळीच बऱ्याचदा पुरते.

नवं काय आलं याइतकंच जुनं काय गेलं हे बघा. कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात चौकोनात एक अक्षर असतं. तो रेग्युलेशन मार्क. रोटेशनमध्ये जुन्या अक्षराची कार्ड स्टँडर्ड या नेहमीच्या स्पर्धाप्रकारातून बाहेर जातात. ५ एप्रिल २०२४ ला ‘ई’ गेलं आणि त्याबरोबर बॅटल व्हीआयपी पास (बेसिक, म्हणजे पहिल्या रूपातले पोकेमॉन शोधून देणारं कार्ड) गेला. त्याची जागा काही दिवस आधी, २२ मार्चला आलेल्या टेम्पोरल फोर्सेसमधल्या बडी-बडी पॉफिनने घेतली. पण पॉफिन ७० एचपी किंवा त्याहून कमीचेच बेसिक आणून देतं. तुमचा ड्रीपी नेमका ७० चा, म्हणून तो बसला. ज्यांचे बेसिक त्याहून जाड होते त्यांचा डेक एका रात्रीत मंदावला. ११ एप्रिल २०२५ ला ‘एफ’ गेलं तेव्हा व्हीस्टार, रेडियंट पोकेमॉन आणि लॉस्ट झोनचे डेक गेले. वर सांगितलेली मॅनाफीही तेव्हाच गेली. एक सवलत लक्षात ठेवा: एखादं जुनं कार्ड नव्या अक्षरासह पुन्हा छापलं गेलं, तर त्याच नावाची, त्याच मजकुराची जुनी प्रतही चालते. त्यामुळे जुने अल्ट्रा बॉल आणि रेअर कँडी रद्दीत घालू नका. 

मग बदलायचं काय? सोलापुरात हे समजावणं सोपं आहे. जकार्डच्या साखळीतली पंच कार्डं बदलली की चादरीवरची नक्षी बदलते, त्यासाठी ताणा उसवत नाहीत. तुमचा ताणा म्हणजे ड्रीपी-ड्रॅक्लोक-ड्रॅगापल्टची ४-४-३ प्रतींची ओळ, पॉफिन, बॉल, कार्ड ओढणारे सपोर्टर आणि एनर्जी. त्याला हात लावू नका. उरतात सहा ते आठ जागा. नव्या सेटचं उत्तर तिथेच द्यायचं.

किती प्रती, हेही भावनेवर सोडू नका. ६० कार्डांत एखाद्याच्या ४ प्रती असतील तर सुरुवातीच्या ७ कार्डांत निदान एक येण्याची शक्यता ४० टक्के. ३ असतील तर साडेएकतीस, २ असतील तर २२, आणि १ असेल तर पावणेबारा. शिवाय एकुलती एक प्रत सहा प्राइझमध्ये अडकण्याची शक्यता १० टक्के असते. दोन ठेवल्या तर दोन्ही अडकण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी. म्हणून ज्या कार्डावाचून एखादा मॅचअप जिंकताच येत नाही ते एक ठेवण्यात अर्थ नाही. दोन ठेवा किंवा ठेवूच नका. एकच प्रत ठेवायची ती बॉलने किंवा सपोर्टरने शोधून आणता येणाऱ्या कार्डाची. बेसिक कमी करून जागा काढायचा मोह होईल, तोही आवरा. १२ बेसिक असताना सुरुवातीच्या हातात एकही न येण्याची शक्यता १९ टक्के असते. ८ वर आलात की ती जवळजवळ ३५ होते, आणि प्रत्येक वेळी तुम्हाला हात नव्याने घ्यावा लागतो व समोरच्याला एक जादा कार्ड ओढता येतं.

पैसे घालण्याआधी खेळून बघा. प्रॉक्सी, म्हणजे कार्डांच्या कागदी नकला, छापा. कार्डाचं माप ६३ गुणिले ८८ मिलिमीटर, ए-फोर कागदावर तीन गुणिले तीन अशी नऊ बसतात. झेरॉक्सच्या दुकानात ‘फिट टू पेज’ काढायला सांगा आणि १०० टक्क्यांवर प्रिंट घ्या, नाहीतर कार्ड दोन-तीन मिलिमीटरने लहान येतात आणि पिसताना लगेच जाणवतात. कापलेला कागद जुन्या कार्डासमोर ठेवून स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लास्टिक पिशवीत) सरकवा. हे फक्त गच्चीसाठी, स्पर्धेत प्रॉक्सी चालत नाही. मित्रांपैकी दोघांना नवे डेक प्रॉक्सीवर चालवायला लावा. पाच जण वर्षभर एकमेकांशी आपापल्या डेकने खेळत राहिलात तर तुमची तयारी एकमेकांविरुद्धच होते, पुण्याविरुद्ध होत नाही. कोणी बसायला नसेल तर पोकेमॉन टीसीजी लाइव्ह हे ॲप फुकट आहे.

एका मॅचअपचे दहा डाव खेळा, पण जिंकलेल्या डावांची संख्या मोजून निष्कर्ष काढू नका. नाणं उडवलं तरी दहापैकी सात किंवा जास्त वेळा छापा साधारण १७ टक्के वेळा पडतो. त्यापेक्षा वहीत चार गोष्टी लिहा: पहिली पाळी कोणाची, पहिला फँटम डाइव्ह कितव्या पाळीला, शेवटी हातात न वापरता उरलेलं कार्ड कोणतं, आणि प्राइझमध्ये काय अडकलं. दहापैकी पाच डावांत एकच कार्ड हातात पडून राहिलं तर ते काढा, मग ते कितीही आवडतं असो. पहिला हल्ला सरासरी एका पाळीने लांबला असेल तर दोष नव्या सेटचा नाही, तुम्ही ताण्यातलं काहीतरी काढलंय.

खरेदीची वेळ. सेट आल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत सरळसोट, जोरात मारणारे डेक जिंकतात, कारण समोरच्यांना उतारा सापडलेला नसतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उतारा येतो, आणि पहिल्या आठवड्यातला राजा बऱ्याचदा मधल्या रांगेत जाऊन बसतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधून ज्या भावात कार्ड घेतो, तो भाव तेव्हा उतरलेला असतो. हल्लेखोर उशिरा घ्या. सगळ्या डेकमध्ये लागणारी शोधणारी ट्रेनर कार्ड मात्र लवकर घ्या, ती वाया जात नाहीत. पाकिटं फोडून हवं ते कार्ड मिळवायचा नाद सोडा. पाकिटात दहा कार्ड असतात, त्यातलं तुम्हाला हवं ते कोणतं, हे नशीब ठरवतं. सुटं कार्ड विकत घ्या. मॅजिक या दुसऱ्या कार्ड खेळातलं एक उदाहरण डोळ्यांसमोर असू द्या: ओको हे कार्ड ऑक्टोबर २०१९ मध्ये आलं, सगळ्यांनी महाग भावात चार-चार घेतलं, आणि नोव्हेंबरात स्टँडर्डमधून त्यावर बंदी आली.

जपानमध्ये बहुतेक कार्ड आधी येतात, त्यामुळे तिथल्या विजेत्यांच्या याद्या आधीच दिसतात. जरूर बघा, पण जशाच्या तशा उचलू नका. तिथल्या शहरपातळीच्या स्पर्धांत सामना एकाच डावाचा आणि वेळ कमी असते, त्यामुळे हळू, रेटून खेळणारे डेक तिथे मागे पडतात. तुम्ही तीन डावांचा सामना खेळत असाल तर तेच डेक इथे चांगले चालू शकतात. आणि नवा सेट स्पर्धेत कोणत्या तारखेपासून चालेल ते आयोजकाला आधी विचारा. दुकानात आला म्हणजे स्पर्धेत चालतो असं नेहमीच नसतं.

दोन किरकोळ, पण नडणाऱ्या गोष्टी. सोलापूरच्या एप्रिलच्या कोरड्या उन्हात फॉइल कार्डाचा पुठ्ठा आकसतो, वरचा चकचकीत थर आकसत नाही, आणि कार्ड मागच्या बाजूला वाकतं. पिसलेल्या गठ्ठ्यात ते वेगळं उठून दिसलं तर पंच त्याला खूण केलेलं कार्ड मानतात. डेक पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, घट्ट डबीत उभा दाबून ठेवा, आणि शक्य तिथे त्याच कार्डाची साधी प्रत वापरा. दुसरं, डेकलिस्ट आदल्या रात्री लिहा, सेट आणि क्रमांकासह, आणि दुसऱ्याकडून मोजून घ्या. हुतात्मा एक्सप्रेसमध्ये मांडीवर लिहिलेल्या यादीत नेमकी ५९ कार्ड भरतात, आणि त्याचा दंड पहिल्याच फेरीत बसतो.

राहिला होम मैदानावरच्या गड्ड्याच्या जत्रेतला सोनेरी डबा. त्यातलं काहीही चालणार नाही. ती प्लास्टिकची नक्कल आहे. जाडी वेगळी, मागचा रंग वेगळा, आणि बऱ्याच कार्डांवर कुठल्याच खऱ्या कार्डाशी न जुळणारे एचपी छापलेले असतात. सुटी कार्ड विकत घेताना मात्र खऱ्या-खोट्याची शंका आली तर मोबाइलचा टॉर्च मागून लावा. खऱ्या कार्डाच्या पुठ्ठ्यात मधोमध गडद थर असतो, त्यातून उजेड फारसा येत नाही. बनावट कागदी कार्ड कंदिलासारखं उजळतं. भावाचा डबा भावाकडेच राहू द्या, त्याला एचपी किती याची फिकीर नाही.